शेवंडीचं ऊन

मी मोठा झालो तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती, मुलगी कॉलेजात होती आणि चष्म्याचा नंबर दुसऱ्यांदा वाढला होता. मागच्या प्रकरणांत मी खाडीत पोहायला शिकलो, गणितात लटकलो, नोकरीला लागलो, बोहल्यावरही चढलो. तेव्हा वाचणाऱ्याला वाटेल की या गृहस्थाचं वाढायचं ते वाढून झालं असणार. माझीही तशीच समजूत होती. पण ज्या घरात वडील धडधाकट असतात, त्या घरात माणूस नुसता वयाने वाढतो. कामण गावाच्या बाजूला खाडीकाठी आमचं घर. खालच्या खोल्या दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बांधलेल्या, वरच्या मी. पण वरच्या भिंतीला खिळा ठोकायचा तर खाली विचारून यायची पद्धत होती. भातशेती आता नावापुरती उरली आहे, बाकीच्या जमिनीवर गोदामं झाली, आणि त्यांपैकीच एका गोदामात मी सुपरवायझर आहे. ज्या जागेवर आजोबांनी मला चिखलात उभं राहायला शिकवलं, तिथे मी आता ट्रकवाल्यांना उभं राहायला शिकवतो. तिथे माझ्या हाताखाली माणसं आहेत, मी ओरडतो, ती ऐकतात. संध्याकाळी घरी आलो की चपला कुठे काढल्या यावरून मला बोलणी बसायची.

त्या दिवसांतल्या घराचा एक आवाज माझ्या कानात अजून आहे: बटणाचा. टक्. दादा सकाळची भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊन उठायचे, हात धुवायचे आणि घरभर एक फेरी मारायचे. कुठे पंखा फिरत राहिलेला, कुठे दिवा विसरलेला. टक्, टक्. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा त्यांना पाहवत नसे, आणि दिवसा जळणारा दिवा तर अजिबात नाही. दिवसाउजेडी दिवा लावतात तो मयताच्या घरी, माणूस गेला त्या जागेवर. जित्या माणसांच्या घरात उन्हं असताना दिवा दिसला तर त्यांचा जीव घाबरायचा. संध्याकाळी मात्र बरोबर उलट. दिवेलागण झाली की तेच दादा पाय धुऊन देवापाशी निरांजन लावायचे आणि मग सगळ्या खोल्यांमधून एकेक दिवा लावत यायचे. त्या घटकेला घरातला एक कोपरा काळोखात राहिलेला त्यांना चालत नसे, ती टळली की रिकाम्या जागेतला दिवा पुन्हा उधळपट्टी. सकाळी विझवणं आणि संध्याकाळी लावणं, दोन्ही कामं त्यांची. आम्ही कुणी त्यात हात घालायचा नाही, आणि आम्हाला तशी हौसही नव्हती.

अशा घरात आमची मानसी एक सरडा घेऊन आली. सरडा म्हटलं की तिला राग यायचा. 'पप्पा, बिअर्डेड ड्रॅगन आहे तो.' तिच्या मैत्रिणीकडे अंडी उबवली होती, त्यातलं हे एक पिल्लू. माझ्या हाताच्या बोटाएवढं, मातकट रंगाचं, गळ्याशी आणि दोन्ही कडांना काटेच काटे. मानसीने नाव ठेवलं स्पाईक. माझी आई, जिला घरात सगळे आय म्हणतात, तिला ते नाव तोंडात बसेना. तिने काचेच्या पेटीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, 'ही तर शेवंड हाय गो!' समुद्राच्या खडकातली काटेरी शेवंड, कोळंबीची थोरली बहीण, आमच्याकडे पाहुणे आले की करतात, त्यामुळे या नावात मायाही होती आणि थोडी भीतीही. पण नाव चिकटलं. स्पाईकची शेवंड झाली, 'तो'ची 'ती' झाली. तिला खायला जिवंत झुरळं लागतात हे कळलं तेव्हा आयने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, 'घरातली मारायला औषध आनायचं, आनी हिच्यासाठी डब्यात पालायची. चालू द्या.'

मानसीला नाशिकला फार्मसीला प्रवेश मिळाला, हॉस्टेलवर सरडे घेत नाहीत, आणि शेवंड माझ्या गळ्यात पडली. जाताना मुलीने मला सगळं शिकवलं. सकाळी उठल्याबरोबर पेटीवरचा मोठा दिवा लावायचा, कारण या प्राण्याला अंगात स्वतःची ऊब नसते, दिव्याखाली शेकल्याशिवाय त्याचं अन्न पचत नाही. मग बारीक चिरलेला पाला आणि तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठी नसतील अशी झुरळं. रात्री झोपताना दिवा बंद. 'पप्पा, जमेल ना?' असं तिने रिक्षात बसताना विचारलं, तिच्या आईला नाही, मला. मी छाती फुगवून हो म्हणालो. मोठमोठ्या कंटेनरची आवक-जावक सांभाळणाऱ्या माणसाला एक बोटभर प्राणी काय जड होता!

मी सगळं शिकवल्याप्रमाणे करत होतो. सकाळी दिवा लावायचो, चिमट्याने झुरळं भरवायचो, मग मी गोदामात निघून जायचो आणि बायको नीता पतपेढीत. संध्याकाळी येऊन पाहावं तर दिवा जळत असायचा, शेवंड खाली बसलेली असायची. सगळं रीतसर. पण ती वाढेना. मग खाईना. आधी रोज न चुकता व्हायची ती शी एक दिवस झाली नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आणि मग मी मोजायचं सोडून दिलं. पोट ताशासारखं टणक. गळा काळा पडलेला. हात लावला की डोळे मिटून घ्यायची, जसं काही माझं तोंड बघण्याचाही तिला कंटाळा आला होता.

त्या काळातली माझी अस्वस्थता आठवली की आज मलाच हसू येतं, पण तेव्हा कुणी हसलं असतं तर मी भांडलो असतो. मला एका जागी बसवेना. गोदामात दर तासाला घरी फोन. 'आय, झालं का?' 'नाय रे बाबा.' पुन्हा फोन. 'झालं का?' दोन-चार दिवसांनी आमचा फोर्कलिफ्टवाला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, 'साहेब, घरात डिलिव्हरी आहे का? सुट्टी घ्या ना.' मी खरं सांगितलं. ती चूक झाली. त्यानंतर गेटवरच्या वॉचमनपासून सगळेच विचारू लागले, 'हुआ क्या साहेब?' रात्री मानसीचा फोन. कॅमेरा शेवंडीवर धरायला लावायची, आणि मग तिचा आवाज बारीक व्हायचा. 'पप्पा, ती मरेल का? मी येऊ का?' तिची परीक्षा तोंडावर होती. मी म्हणायचो, 'तू अभ्यास कर. मी आहे ना.' फोन ठेवला की वाटायचं, मी आहे हीच तर अडचण आहे.

घरातल्या प्रत्येकाकडे उपाय होता. नीताने भोपळा उकडून गाळून दिला. आयने एरंडेलाची बाटली काढली. ती मी तिच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतली. दादा दारातूनच बघायचे. त्यांचं मत ठाम होतं: 'सोड तिला बांधावर. तिची ती बघेल.' अखेर एका दुपारी अर्धी सुट्टी टाकून मी शेवंडीला नीताच्या जुन्या लोकरी टोपीत गुंडाळलं, टोपी डब्याच्या पिशवीत ठेवली आणि स्कूटरवरून पापडीला गेलो. तिथे चर्चच्या पुढे अशा प्राण्यांना पाहणारी एक डॉक्टर बसते असं कळलं होतं. बाकावर शेजारी वटार गावची एक बाई मांडीवर ससा घेऊन बसली होती. फुलाफुलांचा झगा, गळ्यात क्रूस.

'काय आणलंस रे टोपीत?'

मी टोपी उघडून दाखवली. ती दचकली नाही. उलट वाकून नीट पाहिलं.

'काय होतं त्याला?'

'शी होत नाही.'

'अरे देवा. रविवारी चर्चात मिस्साला प्रार्थना मागते मी त्याच्यासाठी. नाव काय?'

'शेवंड.'

बाईने माझ्याकडे एकदा पाहिलं, सशाकडे एकदा पाहिलं. 'शेवंडीसाठी आजवर कुणी मागितलं नसेल,' ती म्हणाली. 'पण मी मागेन.'

डॉक्टर माझ्या मानसीपेक्षा फार मोठी नसावी. तिने शेवंडीला तळहातावर उलटं करून पोटावरून अंगठा फिरवला, एक्स-रे काढला आणि पडद्यावर एक पांढुरका गोळा दाखवला. 'खडा नाही, वाळू नाही. खाल्लेलं आहे तिथेच पडून आहे. हिला ऊब कमी पडते.'

'दिवा दिवसभर चालू असतो, मॅडम. मी स्वतः लावतो.'

'मग दिव्याखाली तापमापक ठेवा, आणि दुपारी बघा. खायला काही देऊ नका. रोज कोमट पाण्यात बसवा, पोट हलक्या हाताने चोळा.' तिने सिरिंजमध्ये भरायचं एक औषध लिहिलं. मग म्हणाली, 'या आठवड्यात मोकळी झाली नाही तर मला पोट उघडावं लागेल. आणि एवढ्याशा जिवाला भूल दिली की तो परत जागा होईलच असं मी सांगू शकत नाही.'

मला राग आला. दिव्याची व्यवस्था चोख होती. तरीही दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा तसाच बंद ठेवून घरी गेलो, खिशात तापमापक घेऊन. दादा ओटीवर बसून वाल सोलत होते. पाण्यात भिजवून मोड काढलेले वाल, बोटांच्या चिमटीत दाबले की पांढरी डाळ सुटून टोपात पडते. मला अवेळी पाहून त्यांनी मान वर केली. मी वर गेलो. खोलीत पडदे ओढलेले, आणि पेटीवरचा दिवा बंद. शेवंड दिव्याखालच्या दगडावर काळीठिक्कर पडून होती. मान वर, विझलेल्या दिव्याकडे. दगडाला हात लावला तर फरशीसारखा थंड.

मी दिवा लावला, खाली आलो आणि विचारलं, 'दादा, वरचा दिवा कुणी बंद केला?'

'मी. रोजच करतो.' त्यांनी वाल सोलणं थांबवलं नाही. 'बाहेर एवडं ऊन परलंय आनी दिवा कशाला? संध्याकाळी लावतो की मी आठवनीने.'

सगळं एकदम माझ्या डोळ्यांपुढे आलं. मानसी घरी होती तोवर तीच लगेच पुन्हा लावत असणार. आता मी पेटवून जायचो, त्यांची सकाळची फेरी व्हायची, टक्. शेवंड भरल्या पोटाने दिवसभर गारठायची. दिवेलागणीला ते मायेने पुन्हा दिवा लावायचे, आणि मी येऊन जळता दिवा पाहून खूश व्हायचो. आमच्या दोघांच्या शिस्तीत तिचा दिवस रात्र झाला होता आणि रात्र दिवस.

'दादा, त्या दिव्यानेच तिचं पचतं. तो तिचा सूर्य आहे.'

'दिवसा दिवा घरात मयत झाल्यावर लावतात, हरेस. तुला ठाव नाय?'

'तुम्ही तो बंद केलात म्हणून ती मरते आहे!'

माझा आवाज चढला होता. गोदामातला आवाज, ट्रक मागे घेताना काढतो तो. आय स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि दारातच थांबली. मला तिथे थांबता आलं असतं. पण मी बोलून गेलो, 'आजपासून त्या बटणाला हात लावायचा नाही. मी सांगतोय.' अशा तऱ्हेने मी जन्मात पहिल्यांदा वडिलांना एखादी गोष्ट करू नका म्हणून सांगितलं, आणि तेही एका सरड्यापायी. दादांनी मुठीतला वाल टोपात टाकला. 'बरं,' म्हणाले. एवढंच. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडण्याला काय उत्तर द्यायचं ते मी आयुष्यभर शिकलो होतो, गप्प बसायचं. या 'बरं'ला काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दादांनी घरातल्या एकाही बटणाला हात लावला नाही. सकाळची फेरी बंद. रिकाम्या खोल्यांत पंखे गरगरत राहिले, संडासातला दिवा दुपारपर्यंत जळला, आणि ते त्याच्यासमोरून काठी टेकत ओटीवर गेले, जसं काही ते घर दुसऱ्या कुणाचं होतं. संध्याकाळी देवापाशी निरांजन लावलं आणि परत येऊन बसले. घरातले दिवे लावलेच नाहीत. मी गोदामातून आलो तर काळोख, आणि काळोखात आय खाडीतले मासे, निवट्या, साफ करत बसलेली. 'तुमच्या दोघांच्यात माझं बोट कापेल,' ती म्हणाली. मी बटण दाबलं. त्या घरात संध्याकाळचा दिवा मी कधी लावला नव्हता. कोणतं बटण कशाचं तेही मला नीट माहीत नव्हतं. आधी पंखा लागला, मग ओटीवरचा दिवा. नीता हसू दाबून म्हणाली, 'डावीकडून तिसरं.' ओटीवर दादांनी तोंड फिरवून घेतलं. जेवताना माझ्याकडचं काही हवं असलं तर ते मागायचे, पण आयकडे बघून म्हणायचे, 'त्याला सांग, भात दे.'

वर मात्र शेवंडीचा सूर्य उगवत होता आणि मावळत होता. मी दुपारी रोज घरी यायचो. घमेल्यात कोमट पाणी, त्यात तिला छातीइतकं बसवायचं आणि एका बोटाने पोट चोळायचं, वरून खाली, वरून खाली. पाणी निवलं की आय तांब्याने गरम ओतायची आणि माझ्या बोटाकडे असं बघायची की जणू तिने तीन मुलं आणि सहा नातवंडं उगाचच चोळून काढली. 'जरा लाव जोर. लोनी हाय का ते?' 'आय, फाटेल ती.' 'नाय फाटत.' दिवस सरत होते, गोळा हलत नव्हता, डॉक्टरने दिलेली मुदत संपत आली होती. मानसीशी बोलताना मी कॅमेरा शेवंडीच्या तोंडापाशीच धरायचो, पोटाकडे नेत नव्हतो. पण ती विचारायचीच, आणि मी नाही म्हणायचो. एवढा अस्वस्थ मी स्वतःच्या निकालाच्या वेळीही नव्हतो. दोन आघाड्यांवर काहीच सुटत नव्हतं, आणि दोन्हीकडे मी फक्त चोळत बसलो होतो.

रविवारी दुपारी झालं. घमेल्यातलं पाणी आधी गढूळ झालं, शेवंडीने मागचे पाय ताणले, शेपूट वर केली, आणि मग जे आलं त्याचं वर्णन मी करणार नाही. जेवता जेवता वाचणारी माणसंही असतात. मी एवढ्या जोरात ओरडलो की खालून नीता पळत आली, तिला वाटलं मलाच काही झालं. मी घमेल्याचा फोटो काढून मानसीला पाठवला. फोन लगेच वाजला आणि पलीकडे ती रडत होती, हॉस्टेलच्या जिन्यात. आयने घमेल्यात डोकावून म्हटलं, 'गेली पीडा,' आणि खाली जाऊन देवापुढे साखर ठेवली. वटारच्या त्या बाईने सकाळीच मिस्साला मागितलं असणार हे मला नंतर आठवलं. कुणाच्या पदरात किती पुण्य टाकायचं, त्या भानगडीत मी पडलो नाही. एवढ्यात काठीचा आवाज आला. दादा जिना चढून वर आले होते. त्यांनी घमेल्यात पाहिलं, मग टॉवेलात गुंडाळलेल्या शेवंडीकडे. ती डोळे उघडून त्यांच्याकडेच बघत होती, गळा परत मातकट झालेला.

'एवडंसं?' ते म्हणाले. 'आनी एवडा गोंधळ?' आणि खाली गेले.

मला वाटलं, मिटलं. पण संध्याकाळी उन्हं उतरल्यावर काठी पुन्हा वर आली. दुपारी भरवलेला पहिला पाला पचवत शेवंड दिव्याखाली पडली होती आणि मी पेटीजवळ बसलो होतो. दादा दिव्याच्या बटणासमोर उभे राहिले, एक हात पाठीमागे. मग म्हणाले, 'हरेस, हा आता बंद करायचा ना?'

मी उठून उभा राहिलो.

'तिची रात झाली ना आता? म्हनून विचारलं.'

'हो. करा ना दादा.'

टक्. शेवंड अंधारात सरकून कोपऱ्यात गेली. दादा वळले, दोन पावलं गेले आणि दारात थांबले. 'खालचे लावू?'

ज्या माणसाने त्या घराची प्रत्येक भिंत उभी केली, तो मला त्याच्याच घरातले दिवे लावू का असं विचारत होता. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. असता तर मी पकडला असता. ते खरंच विचारत होते. मी म्हणालो, 'मला काय विचारता?' ते म्हणाले, 'विचारलेलं बरं,' आणि एकेक पायरी उतरत गेले. खालचे दिवे लागलेले मी वरून ऐकले. मी जिंकलो होतो. शेवंड वाचली होती, मुलगी परीक्षेला बसणार होती, बटणाबाबत माझा शब्द अखेरचा ठरला होता. आणि मला कुठेतरी जाऊन लपावंसं वाटत होतं.

जेवायला वालाचं बिरडं होतं. सगळे खाली बसलो. मी हात धुऊन आलो तो मोरीतला दिवा चालू ठेवून, आणि तो चुकून राहिला नव्हता. पाटावर बसलो, भाकरी मोडली. उजेडाची पट्टी फरशीवरून थेट दादांच्या ताटापर्यंत येत होती. त्यांनी ती पाहिली. माझ्याकडे पाहिलं. एक घास खाल्ला, मग दुसरा. आयने पाहिलं, नीताने पाहिलं, कुणी उठलं नाही. मी जेवत होतो, पण काय खात होतो ते मला कळत नव्हतं. तिसरा घास दादांनी ताटात परत ठेवला, गुडघ्यावर हात देऊन उठले, काठीही न घेता मोरीपर्यंत गेले.

टक्.

'दिवा चालू ठेवून येतो!' ते तिथूनच ओरडले. 'तुझ्या बापाची हाय काय वीज?'

'नाय, दादा,' मी म्हणालो, आणि आयला ताट पुढे करून आणखी बिरडं वाढायला सांगितलं.